एका मूकपटाचे परीक्षक

ग्रंथ पुरता वाचल्याखेरीज त्याविषयी अभिप्राय देऊ नये, हा नियम प्रत्येक अध्यापक आपल्या विद्यार्थ्यांस सांगत असतो. तो पाळणारे अध्यापक किती, याची मोजदाद अद्याप कोणी केलेली नाही, आणि ती न झालेलीच बरी. परंतु पाळण्याची मनापासून इच्छा असतानाही ज्या कृतीच्या बाबतीत हा नियम ऐंशी वर्षेपर्यंत जवळजवळ कोणालाच पाळता येऊ नये, अशी एक कृती विसाव्या शतकात होऊन गेली. ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट ती होय. फ्रिट्झ लांग याने दिग्दर्शित केलेला हा पट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिन येथे प्रथम दाखविण्यात आला, तेव्हा त्याची फीत ४१८९ मीटर लांब होती. काही महिन्यांतच तिचा जवळजवळ चौथा हिस्सा कापून टाकण्यात आला, आणि कापलेला भाग नाहीसा झाला. पुढे जगभरच्या ज्या पंडितांनी या पटाची थोरवी गायिली अथवा त्याची टर उडविली, त्यांतील बहुतेकांच्या समोर होते ते हे उरलेले धड.

आम्ही हिंगोलीस इंग्रजी वाङ्मय शिकवितो. चित्रपट हा आमचा विषय नव्हे. परंतु टीकाशास्त्र शिकविताना उदाहरणे लागतात, आणि एकाच कृतीवर परस्परविरुद्ध अभिप्राय थोरामोठ्यांनी दिलेले असावेत, ते अभिप्राय पुढे बदललेले असावेत, आणि मूळ कृतीही दरम्यान बदललेली असावी, असे उदाहरण या पटासारखे दुसरे आम्हांस ठाऊक नाही. म्हणून त्याची परीक्षणे आम्ही बरीच वर्षे जमवीत आलो, आणि अलीकडे एकदा तो पटच आमच्या विद्यार्थ्यांना दाखविला. त्या विद्यार्थ्यांचेही म्हणणे आम्ही येथे नमूद करणार आहोत. वेल्स आणि बुन्युएल यांच्या पंगतीला सेनगाव तालुक्यातील मुलगा बसवावा हे कोणास विपरीत वाटेल. परंतु पान वाढताना आम्ही कुळे पाहिलेली नाहीत.

ज्यांनी हा पट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. भविष्यकाळातील एक नगरी. वर गगनचुंबी प्रासाद, आकाशातले पूल, उद्याने आणि विलास. खाली यंत्रे, आणि यंत्रांच्याही खाली जमिनीच्या पोटात मजुरांची वस्ती. नगरीचा स्वामी योहान फ्रेडर्सन. त्याचा मुलगा फ्रेडर एके दिवशी मजुरांच्या पोरांना घेऊन वर आलेली मारिया पाहतो आणि तिच्या शोधात खाली उतरतो. तेथे त्याला यंत्राचा स्फोट दिसतो, आणि तेच यंत्र माणसे गिळणाऱ्या राक्षसाच्या जबड्यासारखे भासते. मारिया मजुरांना धीर देते की, योजणारे डोके आणि राबणारे हात यांच्यामध्ये हृदय हे मध्यस्थ होऊन येईल, त्याची वाट पाहा. रोटवांग नावाचा संशोधक एक यंत्रस्त्री घडवितो. तिला मारियाचे रूप दिले जाते. ती मजुरांना चिथावते. ते यंत्रे फोडतात. पाणी फुटून त्यांचीच वस्ती बुडू लागते, आणि मागे राहिलेली मुले कशीबशी वाचविली जातात. शेवटी धर्ममंदिराच्या दारात फ्रेडर आपल्या बापाचा हात मजुरांच्या मुकादमाच्या हातात देतो. संपले.

आता परीक्षक. प्रथम एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, ती अशी की बर्लिनमधील पहिल्या परीक्षकांनी पट अखंड पाहिला होता, आणि तरीही त्यांतील अनेकांनी त्याच्या कथेला नाक मुरडले. डोळे दिपले, मन मात्र थंड राहिले, असा त्यांचा एकंदर सूर होता. तेव्हा कात्री लागली म्हणून पट पडला, असे म्हणण्याची सोय नाही. खरे म्हणजे क्रम उलटा होता: पट चालेना, म्हणून कात्री लागली. पन्नास लाख मार्कांच्या आसपास खर्च झालेला. ‘ऊफा’ कंपनी आधीच कर्जात. तिला अमेरिकन कंपन्यांनी दिलेला पैसा आणि त्याबरोबर आलेल्या अटी. अमेरिकेत पट दाखविण्यापूर्वी चॅनिंग पोलॉक या नाटककाराकडे तो सोपविण्यात आला, आणि त्याने कथा ‘सुधारली’. त्याची सुधारणा काय होती ते पुढे येईल.

या कापलेल्या पटावर सर्वांत गाजलेले परीक्षण एच. जी. वेल्स याचे. ते १७ एप्रिल १९२७ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आले. भविष्यकथेचा आद्य आचार्यच परीक्षक म्हणून बसलेला, आणि त्याने आरंभीच निकाल दिला की याहून मूर्खपणाचा चित्रपट आपण पाहिलेला नाही, आणि असा दुसरा निघू शकेल असेही आपल्याला वाटत नाही. त्याला यात आपल्याच तरुणपणच्या एका कादंबरीचे तुकडे तरंगताना दिसले. कारेल चापेकच्या यंत्रमानवांची उसनवारी दिसली. शंभर वर्षांपुढच्या नगरीत चालू सालच्या मोटारी आणि चालू सालचीच विमाने दिसली. इथपर्यंत वेल्सशी वाद घालण्याचे कारण नाही. आम्हांस तर त्याची ही थट्टा आवडते. मूर्तिकाराला त्याच्या मूर्तीच्या पायातील जोडा चुकला म्हणून सांगण्याचा अधिकार चांभाराला असतो, आणि वेल्स हा भविष्याचा जोडा शिवणारा जातिवंत कारागीर होता.

पण त्याचा मुख्य आक्षेप मोटारींवर नव्हता. तो अर्थशास्त्राचा होता. वेल्स म्हणतो की यंत्रे वाढली म्हणजे हमाल कमी होतात, वाढत नाहीत. यंत्रयुगाला कुशल माणूस लागतो, जनावरासारखा राबणारा लागत नाही. आणि ज्या कारखान्यांतून माल अफाट निघतो तो माल विकत घेणारी सुखवस्तू जनता नसेल तर कारखाने चालतील कोणाच्या जिवावर? तेव्हा वरती धनिक आणि खाली गुलाम ही उतरंड म्हणजे जुनी, शिळी कल्पना. नुसत्या राबणुकीचे युग मानवजातीच्या मागे पडले आहे. हे त्याने १९२७ साली लिहिले.

हा युक्तिवाद आम्ही अनेकदा वर्गात फळ्यावर मांडला आहे. त्यात तर्काचे छिद्र काढणे कठीण. इंग्लंडात बसून, लोखंडाच्या आणि विजेच्या वाढत्या आलेखाकडे पाहून जो माणूस विचार करील त्याला तो पटेलच. परंतु वेल्सने ‘मानवजात’ हा शब्द वापरला, आणि हा शब्द इंग्लंडापेक्षा बराच मोठा आहे.

याच वर्षी माद्रिदच्या एका वाङ्मयीन नियतकालिकात लुईस बुन्युएल या तरुणाने दुसरे परीक्षण लिहिले. पुढे हा स्वतः मोठा दिग्दर्शक झाला. त्याचे म्हणणे असे की हा एक चित्रपट नसून पोटाशी चिकटलेले दोन चित्रपट आहेत. एक कथेचा, तो पोकळ, पाल्हाळिक, भाबडा. दुसरा दृश्यांचा, तो अपूर्व. यंत्रांच्या हालचालीतील लय, समूहांची रचना, नगरीची वास्तू यांचे त्याने केलेले वर्णन वाचताना हा माणूस टीका लिहीत आहे की स्तोत्र, असा संभ्रम पडतो. न्यूयॉर्कच्या मॉर्डान्ट हॉल यानेही थोडक्यात हेच म्हटले होते: तंत्राचा चमत्कार, पण पाय मातीचे. या दोघांनी घालून दिलेली वाट पुढच्या परीक्षकांनी इतकी तुडविली की तिचा हमरस्ता झाला. ‘दृश्ये पाहा, कथेकडे दुर्लक्ष करा’ हे मेट्रोपोलिसविषयीचे शहाणपण ठरून गेले.

आता या वाटणीत एक अन्याय आहे, आणि तो बुन्युएलच्या लेखातच सुरू होतो. दोन चित्रपट म्हटले की दोन मालक आले. दृश्ये लांगची, कथा त्याच्या बायकोची. थेआ फॉन हार्बू ही लांगची पत्नी. पटकथा तिने लिहिली आणि त्याच कथेवर तिची कादंबरीही आहे. तेव्हा गुण सारे नवऱ्याच्या खात्यावर जमा, दोष सारे बायकोच्या नावे. हा हिशेब आम्हांस ओळखीचा वाटतो. तो मांडायला जर्मनीस जावे लागत नाही. लांगचा ‘एम’ हा १९३१ सालचा बोलपट जगातील उत्कृष्ट चित्रपटांत गणला जातो, आणि त्याची प्रशंसा करताना त्याच्या कथारचनेची बांधणी हटकून सांगितली जाते. त्या पटकथेवरही हार्बूचे नाव आहे. मेट्रोपोलिसचा भाबडेपणा तिचा असेल तर ‘एम’चा रेखीवपणा तिचा का नव्हे, असा प्रश्न विचारणारा परीक्षक फार उशिरा भेटतो.

या बाईची कहाणी महाराष्ट्रात अधिक ठाऊक असावयास पाहिजे होती. लांग आणि ती १९३३ साली विभक्त झाली. त्यानंतर तिने ज्याच्याशी संसार मांडला तो गृहस्थ मराठी होता: बेळगावजवळच्या बेळगुंदीचा अयी गणपत तेंडुलकर, बर्लिनमध्ये वृत्तपत्रांतून लिहिणारा, तिच्याहून सुमारे सोळा वर्षांनी लहान. हिटलरच्या राज्यात एका नामांकित जर्मन लेखिकेने सावळ्या हिंदी माणसाशी उघड लग्न करणे शक्य नव्हते, म्हणून ते गुप्तपणे झाले. तिने बर्लिनमधील हिंदी विद्यार्थ्यांना सढळ हाताने साहाय्य केले. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर हिंदुस्थानात परतला, बेळगावास त्याने ‘वार्ता’ हे मराठी पत्र काढले, इंग्रज सरकारने त्याला तुरुंगात टाकले. पुढे १९४५ साली सेवाग्रामास गांधीजींच्या आशीर्वादाने त्याचा विवाह इंदुमती गुणाजी यांच्याशी झाला. ही सारी हकीकत त्यांची कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी एका इंग्रजी पुस्तकात सांगितली आहे. आणि हीच थेआ फॉन हार्बू नाझी पक्षाची सभासद होती आणि त्या राजवटीत चित्रपट लिहीत राहिली, हेही तितकेच खरे. ज्या राज्यात तिच्या घरच्या माणसाला मान वर करून रस्त्याने चालणे अवघड होते त्या राज्याची ती नोंदलेली पाईक होती. हे कोडे कोणी सोडविले आहे असे आम्हांस दिसलेले नाही, आणि दोन वाक्यांत ते सोडविण्याची आम्हांसही हौस नाही.

तिच्या या पक्षनिष्ठेची काजळी मागाहून पटावर पडली. जर्मनीतून परागंदा झालेला टीकाकार सिगफ्रीड क्राकाउअर याने १९४७ साली जर्मन चित्रपटांचा एक इतिहास लिहिला. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ निघाल्या तेच साल; यंत्राने माणसाचे काय केले याचा जाब एकाच वेळी दोन ठिकाणी मागितला जात होता. क्राकाउअरचा आक्षेप वेल्सहून फार खोल आहे. तो म्हणतो की शेवटच्या हस्तांदोलनात मजूर जिंकत नाहीत, मालक जिंकतो; त्याने बळाने जे मिळविले असते त्याहून अधिक तो हृदयाच्या नावाने मिळवितो. आणि ही हृदयाची भाषा गोबेल्सच्या प्रचारभाषणातील भाषेशी हुबेहूब जुळते. या आक्षेपानंतर मेट्रोपोलिसकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणे कोणालाही सोपे राहिले नाही. लांगनेही पुढे हात झटकले. म्हातारपणी एका मुलाखतकाराला त्याने सांगितले की पट पुरा झाला तेव्हाच तो आपल्याला नकोसा झाला होता. डोके-हात-हृदय ही केवळ परीकथा आहे. मग अंतराळवीर यंत्राचा एक भाग होऊन बसलेले पाहिले, आणि आपल्या कल्पनेतले खरे झाले म्हणून आता तो पट आवडतो असे म्हणावे काय, असेही त्याने विचारले. मात्र लांगच्या आठवणी जरा चाळून घ्याव्या लागतात. गोबेल्सची भेट झाली त्याच रात्री आपण जर्मनी सोडली असे तो रंगवून सांगे. त्याच्या पारपत्रावरचे शिक्के तसे म्हणत नाहीत.

आता पोलॉकच्या कात्रीकडे वळू. मूळ कथेत नगरीचा स्वामी फ्रेडर्सन आणि संशोधक रोटवांग हे एकाच स्त्रीवर प्रेम करणारे दोन पुरुष. तिचे नाव हेल. ती रोटवांगला सोडून फ्रेडर्सनकडे गेली आणि फ्रेडरला जन्म देऊन मरण पावली. रोटवांगने आपल्या घरात तिचे भव्य शिल्प उभारले आहे, आणि तो यंत्रस्त्री घडवितो ती हेल परत मिळावी म्हणून. पोलॉकला या नावात इंग्रजीतील नरकवाचक शब्द ऐकू आला. प्रेक्षक हसतील म्हणून त्याने नाव काढले, नावाबरोबर शिल्प काढले, शिल्पाबरोबर सारी पूर्वकथा काढली. नॉर्स पुराणात हेल ही मृतांच्या लोकाचीच अधिदेवता आहे, तेव्हा त्याचा कान अगदीच खोटा नव्हता. पण काट्यासाठी त्याने पायच कापला. रोटवांग मग यंत्रस्त्री का घडवितो? वेडा संशोधक आहे म्हणून. तो फ्रेडर्सनशी दगा का करतो? वेडा आहे म्हणून. वेल्सने आपल्या परीक्षणात विचारले होते की या शहाण्याला आपल्या यंत्राला बाईचे रूप देण्याची गरज काय. प्रश्न रास्त होता. उत्तर कात्रीने कापलेल्या भागात होते.

आम्ही हा पट प्रथम पाहिला तो विद्यार्थिदशेत, औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, एका मित्राच्या खोलीत, चित्रफितीच्या यंत्रावर. ती १९८४ सालची जॉर्जो मोरोडरने काढलेली आवृत्ती होती: दृश्यांना रंगांची झाक दिलेली, पाठीमागे त्या वेळची पाश्चात्य गाणी, आणि लांबी दीड तासाहूनही कमी. त्या आवृत्तीला पंडितांनी नावे ठेवली, परंतु आमच्यासारख्या कित्येकांना तिनेच या नगरीचे दार उघडून दिले, हे विसरता कामा नये. पुढे २००१ साली पुराभिलेखांच्या आधारे केलेली नीटस आवृत्ती आली, तिच्यात गहाळ भागांच्या जागी मजकूर लिहिलेला होता. त्याच वर्षी युनेस्कोने हा पट आपल्या जागतिक स्मृतिसंग्रहात नोंदविला; तो मान मिळालेला हा पहिलाच चित्रपट. सन्मान झाला तोही धडाचाच.

२००८ साली बातमी आली की अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सच्या चित्रपट-संग्रहालयात, पटाची जवळजवळ संपूर्ण प्रत सापडली आहे. एका वितरकाने १९२७–२८ च्या सुमारास मूळ लांबीची प्रत तिकडे नेली होती, ती एका संग्राहकाकडून फिरत संग्रहालयात गेली, आणि ज्वालाग्राही फीत नष्ट करण्यापूर्वी तिची १६ मिलिमीटरवर नक्कल करून ठेवण्यात आली होती. नक्कल करणाऱ्याने मूळ फितीवरील तेलाचे डाग आणि ओरखडेसुद्धा इमानाने उतरवून घेतले. सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग परत आला. १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिनला, हूपर्ट्झच्या मूळ संगीतासह, तो पुन्हा दाखविण्यात आला. धर्ममंदिरातील एका साधूचे प्रवचन, तसेच रोटवांग आणि फ्रेडर्सन यांची झटापट, असे दोन लहान प्रसंग अजूनही मिळालेले नाहीत.

परत आलेल्या भागाने काय केले? हेल परतली, म्हणून रोटवांगला मन आले. ११८११ हा क्रमांकच ज्याचे नाव, त्या मजुराला एक संध्याकाळ मिळाली: फ्रेडर त्याच्या जागी यंत्राला जुंपून घेतो आणि आपले कपडे त्याला देतो, खिशात पैसे सापडताच हा मजूर ठरल्या ठिकाणी न जाता विलासगृहाकडे वळतो. पूर्वीच्या आवृत्त्यांत मजूर म्हणजे मान खाली घालून चालणारी एक रांग होती; आता त्या रांगेतला एक तरी माणूस मोह पडण्याइतका माणूस झाला. पण क्राकाउअरचा आक्षेप या पंचवीस मिनिटांनी पुसला गेला नाही. हस्तांदोलन होते तेथेच आहे. (अमेरिकेतील ‘ब्लेड रनर’ या १९८२ सालच्या पटाचेही काहीसे असेच झाले: प्रथम थंड स्वागत, मग १९९२ आणि २००७ साली दुरुस्त आवृत्त्या, आणि दर आवृत्तीगणिक चढत गेलेला मान. परीक्षकांना पश्चात्तापासाठी नवी प्रत लागते, असे दिसते.)

ही २०१० ची आवृत्ती आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना दाखविली. अडीच तासांचा मूकपट, तोही जर्मन. मुले निम्म्यात उठून जातील अशी आमच्या सहकाऱ्यांची खात्री होती. काही गेलीही. राहिली त्यांनी प्रथम एक शोध लावला. अर्जेंटिनाहून आलेल्या भागांवर उभे ओरखडे आहेत, ते सतत पाऊस पडत असल्यासारखे दिसतात. अर्ध्या तासात मुले कुजबुजू लागली, ‘पाऊस आला.’ कोणता भाग कापलेला होता हे त्यांना आम्ही सांगण्याची गरज उरली नाही.

आमच्या जिल्ह्याविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून निघाला. औंढ्याचे नागनाथ आणि नर्सीचे नामदेव ही आमची जुनी ओळख. वसमतची हळद ही बाजारातली. अलीकडे औंढा तालुक्यात गुरुत्वलहरींचा वेध घेणारी प्रयोगशाळा उभी करण्याचे ठरले आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि अणूच्या अंतर्भागाहूनही सूक्ष्म अशी हालचाल मोजणारे प्रकाशकिरण. २०२३ साली केंद्र सरकारने तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. आणि याच जिल्ह्यातून दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादम आधी उचल देतो. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे गावी राहतात. नुसत्या राबणुकीचे युग मागे पडले, असे वेल्सने लिहिल्याला शतक होत आले.

पट संपल्यावर आम्ही नेहमीचा प्रश्न विचारला: डोके आणि हात यांच्यातील मध्यस्थ हृदय, या कल्पनेविषयी तुमचे मत काय? मागच्या बाकावरून, ज्याचे आईबाप दरसाल कारखान्यावर जातात असा एक मुलगा म्हणाला, “सर, मालक अन् मजुरांच्या मधी उभा राहतो तो तं मुकादमच झाला की.” सारा वर्ग हसला. आम्ही मात्र थोडा वेळ निरुत्तर उभे होतो. क्राकाउअरने एवढ्या मोठ्या ग्रंथात जे सिद्ध केले त्याचा गाभा या पोराने एका वाक्यात ठेवला होता. आणि क्राकाउअरला जे दिसले नव्हते तेही त्यात होते. पटात मजुरांच्या वतीने हात पुढे करणारा माणूस मुकादमच आहे, आणि त्याचा हात धरून नेणारा मालकाचा मुलगा आहे. म्हणजे मजूर स्वतः त्या पायऱ्यांवर कोठेच नाही. तो मागे, त्रिकोणी रांगेत उभा आहे.

दुसरे म्हणणे एका मुलीचे. पूर आलेल्या वस्तीत शेकडो मुले मारियाभोवती जमून वर हात करतात, तो प्रसंग परीक्षकांनी समूहरचनेचा नमुना म्हणून वाखाणला आहे, आणि यंत्रे फोडताना आपली मुले खाली आहेत हे मजूर विसरतात, यावरून लेखिकेने मजुरांना निर्बुद्ध ठरविले असा दोषही तिला दिला आहे. ही मुलगी म्हणाली, “विसरत नसतात, सर. पोरं मागं ठेवूनच काम करायची सवय झालेली असते.” ती लहानपणी गावच्या हंगामी वसतिगृहात राहिलेली होती. तिच्या या वाक्यानंतर तो प्रसंग आम्हांस पुन्हा पाहावा लागला. चित्रीकरणासाठी ती मुले बर्लिनच्या गरीब वस्त्यांतून आणली होती आणि कित्येक दिवस पाण्यात उभी केली होती. त्यांचे आईबाप त्या वेळी कोठे कामावर होते, हे कोणत्याही परीक्षणात लिहिलेले नाही.

मध्यस्थ म्हणजे मुकादमच, हे म्हणणे मात्र आम्ही जसेच्या तसे मान्य केले नाही, आणि वर्गात त्यावर बराच वेळ वाद झाला. आम्ही त्यांना अहमदाबादची गोष्ट सांगितली. १९१८ साली तेथील गिरणीमजुरांनी पस्तीस टक्के वाढीसाठी संप केला. मजुरांच्या बाजूने गांधीजींबरोबर उभ्या होत्या अनसूयाबेन साराभाई, आणि समोर गिरणीमालकांचे पुढारी होते त्यांचेच सख्खे भाऊ अंबालाल. म्हणजे मालकाच्या घरातून खाली उतरलेले हृदय तेथेही होते. गांधीजींनी उपवास केला, तंटा लवादाकडे गेला, आणि लवाद म्हणून बसले आनंदशंकर ध्रुव हे प्राध्यापक, हे सांगताना आमच्या आवाजात थोडा व्यवसायाभिमान आला असल्यास वाचकांनी क्षमा करावी. त्यांनी निकाल दिला तो पस्तीस टक्क्यांचा. तेव्हा हृदय मध्यस्थी करीत नाही असे नाही. पण तेथे हृदयाने एक आकडा कागदावर लिहून घेतला. दहा वर्षांनी, १९२८ साली, मुंबईच्या गिरण्या सुमारे सहा महिने बंद राहिल्या, तेव्हाही भांडण आकड्यांचेच होते. ऊसतोडीचा दरही लवादाने ठरत आला आहे, आणि दर खेपेस टनाला किती रुपये यावरच बोलणी अडतात.

या कसोटीला लावले असता मेट्रोपोलिसच्या शेवटात आम्हांस दोष दिसतो तो वेल्सच्या दोषाहून निराळा. हृदय आणले हा हार्बूचा अपराध नव्हे. ते रिकाम्या हाताने आणले हा आहे. आणि तो तिच्या एकटीचा नव्हे, कारण हस्तांदोलनाच्या त्या दृश्यात कॅमेरा लांगचा आहे. त्याला वाटते तर त्याने त्या मुकादमाच्या हातात एक कागद देता. बुन्युएलने दोन चित्रपट वेगळे केले, ते येथे वेगळे होत नाहीत: कथा पोकळ आहे ती नेमकी तेथेच, जेथे दृश्यही पोकळ आहे. या एका ठिकाणी नवराबायको दोघे सारखेच जबाबदार आहेत.

हे आम्ही मुलांना सांगितले तेव्हा बहुतेकांना पटले, काहींना नाही. जी मुलगी पुराच्या प्रसंगाविषयी बोलली होती तिचे म्हणणे पडले की आकडा दाखविला असता तरी मूकपटात तो कोणी वाचला नसता. पण मागच्या बाकावरचा तो मुलगा अजून पटातील घड्याळात अडकला होता. त्या नगरीत मजुरांसाठी दहा तासांचे वेगळे घड्याळ आहे. पाळी दहा तासांची, म्हणून तबकडीवरही दहाच आकडे. त्याने विचारले, “सर, हात मिळवल्यावर दुसऱ्या दिवशी ते घड्याळ बदललं का?” आम्ही त्याला गहाळ असलेल्या दोन प्रसंगांची यादी पुन्हा वाचून दाखविली. त्यांत घड्याळ नव्हते.